ऐंशीच्या आत

माझ्या धाकट्या बहिणीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा तिला किडनी देऊ शकेल असा घरात मीच एक उरलो होतो. तिचा नवरा मुंबईत नोकरीला, त्याला साखरेचा आजार. अम्मी सत्तरीच्या पुढची. बहिणीची पोरं अजून शाळेत. माझा रक्तगट जुळला, पुढच्या तपासण्याही जुळल्या आणि डिसेंबरातल्या एका सकाळी सांगलीच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मला वजनकाट्यावर उभं केलं. चौऱ्याण्णव.

"किडनी जुळतेय," त्या म्हणाल्या, "पण एवढ्या वजनावर मी तुमचं ऑपरेशन होऊ देणार नाही. बीपी काठावर आहे, साखर काठावर आहे. एका किडनीवर तुम्हाला पुढचं सगळं आयुष्य काढायचंय. ऐंशीच्या आत या, मग बोलू."

"किती दिवसांत?"

"ते तुमच्यावर आहे. पण तिला फार थांबवू नका."

बाहेर बाकावर बहीण बसली होती. डायलिसिसच्या सुयांनी काळानिळा पडलेला हात तिनं ओढणीखाली झाकून घेतला होता. मी म्हणालो, "सगळं बराबर हाय. दोन-चार तपासण्या राहिल्यात, त्या झाल्या की तारीख देतील."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "भाई, खोटं बोलताना तू नाक पुसतोस. वजन सांगितलं ना त्यांनी?"

मी मान हलवली. तिला दहिवडीची गाडी गाठायची होती, मला आष्ट्याची. स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो आणि त्या एवढ्याशा अंतरात मला दोनदा थांबून दम खावा लागला. तिला नाही.

आष्ट्यात माझं टेलरिंगचं दुकान आहे. शर्ट-पँट शिवतो, पण खरं काम शाळांच्या गणवेशांचं. बावीस वर्षं मी मशीनपुढं बसलोय. सकाळी नऊला बसायचं, जेवायला उठायचं आणि पुन्हा बसायचं. गिऱ्हाईक आलं की चहा, चहाबरोबर बेकरीचे कडक बटर, संध्याकाळी कागदात भडंग. मुद्दाम कुणी खाऊन जाड होत नाही. मीही झालो नाही. बसल्याजागी होत गेलो. स्वतःच्या पँटी मी तीनदा उसवून सैल केल्या. शिवणीतलं राखीव कापड संपलं की गिऱ्हाइकाला मी सरळ सांगतो, आता नवी शिवायला टाका. स्वतःला सांगायची वेळ आली तेव्हा गुपचूप एका दिवाळीला चार नव्या पँटी शिवल्या आणि कंबरेचं माप वहीत लिहिलंच नाही.

सांगलीहून आलो त्याच आठवड्यात मी बूट घेतले. पहाटे उठून चार दिवस एकटा फिरलो. पाचव्या दिवशी एका लग्नाचं काम अडकलं, सकाळी लवकर दुकान उघडावं लागलं. सहाव्या दिवशी पाय दुखतात म्हणून राहिलो. मग बूट दारामागं गेले. फिरणं जमत नाही तर उपाशी राहू असं ठरवलं, आणि दुपारपर्यंत नुसत्या चहावर काढून रात्रीच्या जेवणाला चार भाकरी मोडल्या. महिन्यानं औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभा राहिलो तर पंच्याण्णव भरलं. बहिणीचा फोन यायचा. ती वजनाचं एका शब्दानं विचारायची नाही. त्यामुळं जास्तच लागायचं.

जानेवारीत एकदा तिच्याबरोबर डायलिसिसला कुणी जाणारं नव्हतं म्हणून मी साताऱ्याला गेलो. आठवड्यातून दोनदा ती दहिवडीहून एसटीनं साताऱ्याला यायची, चार तास मशीनला जोडून घ्यायची आणि तशीच परत जायची. माझी गाडी लवकर पोचली. स्टँडवर गरम वडे निघत होते. मी दोन खाल्ले, वर चहा घेतला आणि हॉस्पिटलात गेलो.

ती कॉटवर होती. उशाशी पाण्याची एक छोटी बाटली. बाटलीवर बॉलपेननं तीन रेघा मारलेल्या.

"ह्या कसल्या रेघा?"

"ही सकाळची, ही दुपारची, ही संध्याकाळची. दिवसभरात एवढंच पाणी. चहा, आमटी, सगळं त्यातच धरायचं." ती हसली. "लय तहान लागली की चूळ भरते आणि थुंकून टाकते. गिळायचं न्हाई, एवढं ध्यान ठेवायचं."

मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो. तिनं नाक जरा वर केलं.

"वडा खाल्लास व्हय?"

मला जमीन दुभंगावी असं झालं. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती पुढं म्हणाली, "कसा होता रं? गरम होता?"

तिला वडा चालत नव्हता, बटाटा चालत नव्हता, मीठ चालत नव्हतं. दोन वर्षं ती अशी जगत होती, आणि मी म्हणत होतो मला वेळ मिळत नाही. परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो. कऱ्हाड मागं पडेपर्यंत मी एकच गोष्ट ठरवली. ही बाई माझ्यामुळं थांबलेली आहे, आणि आता ती एक दिवसही जास्त थांबणार नाही.

ठरवणं सोपं असतं, हे मला बूट घेतले तेव्हाच कळलं होतं. या वेळी ते टिकलं, त्याला कारण माझं एक गिऱ्हाईक. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, गावाबाहेर त्यांची उसाची शेती. साठी उलटलेले. पुढच्याच आठवड्यात ते दोन पँटी कंबरेत आत घ्यायला घेऊन आले. आत घ्यायला! माझ्याकडं या वयाची माणसं पँट सैल करायला येतात. माप घेता घेता मी त्यांना सगळं सांगून टाकलं. बहीण, काटा, बाटली, वडेसुद्धा.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "टेलर, दिवसातनं मोकळा येळ कवा असतोय तुमास्नी?"

"न्हाईच की."

"पहाटं फजरच्या नमाजाला मशिदीत जातासा न्हवं?"

"जातो."

"मग झालं तर. नमाज झाली की घरला जायाचं न्हाई. घरला गेलं की माणूस आडवा हुतोय. बूट पिशवीत घालून संगं न्यायाचं. मी पाणंदीच्या तोंडाला हुबा असतो."

"आणि कधी काम आलं तर?"

"एक दिवस बुडला तर बुडू द्या. लागून दुसरा बुडवायचा न्हाई. आमच्या पलटणीत लई दांडग्या गड्यांस्नी ह्येच जमत न्हवतं बगा."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी बूट घालून पाणंदीपाशी गेलो. दोन्ही बाजूंनी ऊस, मधून बैलगाडीची चाकोरी. हवालदार हात मागं बांधून चालायचे तेसुद्धा माझ्या पळण्याएवढं. तिसऱ्या विजेच्या खांबापाशी मला धाप लागली आणि मी वाटेतच बसलो. ते थांबले नाहीत. पुढच्या खांबाला शिवून माघारी आले, मला ओलांडून मागं गेले, पुन्हा पुढं आले. मी एकदा चालत होतो तेवढ्यात ते दोनदा. मला त्यांच्यापुढं बसून राहायची लाज वाटली. सहाव्या खांबापर्यंत गेलो. पुढच्या आठवड्यात दहाव्या. महिनाभरात आम्ही पाणंद संपवून ओढ्याच्या पुलाला हात लावून परत यायला लागलो.

दुकानात मी आणखी एक केलं. मशीनला बसवलेली मोटर काढली आणि जुना पट्टा चढवून पायानं मशीन चालवायला लागलो. बायको डबा घेऊन आली आणि बघतच राहिली.

"आवं, डोकं फिरलंय का तुमचं? मे महिन्यात गणवेशाचा ढीग लागल्यावर काय करणार?"

"तवा बघू."

घरी मात्र तिनं तेलाचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. "वेगळं शिजवायला मला जमणार न्हाई," ती म्हणाली. "घरातली सगळीच तुमच्यासारखं खातील. तळण बंद. भात एकदाच. कुरकुर केलेली मी ऐकून घेणार न्हाई." आमच्या पोरींनी चार दिवस तोंडं फुगवली. मग त्यांनाही ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी गोड लागायला लागली, की त्या आईला घाबरल्या, हे मला अजून कळलेलं नाही.

फेब्रुवारीत हवालदारांच्या उसाला तोड आली. "आता पंधरा दिस माझी वाट बगू नगा," ते म्हणाले. त्याच सुमारास रमजान सुरू झाला. दरवर्षी रमजानात माझं वजन वाढायचं. दिवसभर उपवास आणि संध्याकाळी भजी, समोसे, सरबत. या वर्षी सोबतीही नव्हता. पहाटे चाललं तर दिवसभर तहान सोसणार नाही, म्हणून मी फिरायची वेळ बदलली. इफ्तारच्या आधीचा पाऊण तास. दुकान बंद करायचं आणि चालायला लागायचं.

पहिल्या दिवशी उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर धुरळा उडवलेला, घशाला कोरड, पोटात आग. अर्ध्या वाटेत मी बांधावर बसलो. परत फिरलो असतो तर विचारणारं कुणी नव्हतं. हवालदार शेतात, बायको स्वयंपाकघरात. पण मला त्या बाटलीवरच्या रेघा दिसल्या. मला आज अर्ध्या तासानं पोटभर पाणी मिळणार होतं. तिला नव्हतं मिळणार, उद्याही नव्हतं. मी उठलो आणि पुलापर्यंत जाऊन आलो. घरी आलो तेव्हा बांग होत होती. एक खजूर, पाणी, कलिंगडाच्या दोन फोडी. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. तिला या वर्षीही रोजे धरता येत नव्हते, आणि त्याचं तिला आजारापेक्षा जास्त वाईट वाटायचं.

"काय काय केलंय इफ्तारला?" तिनं विचारलं.

"कलिंगड."

"आणि?"

"आणि कलिंगडच."

ती खळखळून हसली. कितीतरी महिन्यांनी मी तिचं तसं हसणं ऐकत होतो.

ईदला माझं वजन सत्त्याऐंशी होतं. मला वाटलं, आता काय, उतारच आहे. पण ते शहाऐंशीवर येऊन थांबलं ते महिनाभर हललंच नाही. मी तेवढंच चालत होतो, तेवढंच खात होतो. एकदा तर काट्यावरून उतरून मी त्याला लाथ मारली आणि औषधाच्या दुकानदाराची माफी मागितली. हवालदार म्हणाले, "कायतरी पोटात जातंय, तुमास्नी ठावं न्हाई." मला राग आला. मग दुसऱ्या दिवशी मी कापड बेतायच्या खडूनं टेबलाच्या कडेला, तोंडात काही गेलं की एक रेघ असं सुरू केलं. दिवस मावळला तेव्हा अकरा रेघा चहाच्या होत्या. अकरा अर्धे कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. गिऱ्हाइकाला सोबत म्हणून घेतलेला चहा मी कधी मोजलाच नव्हता. साखर त्याच दिवशी सुटली. आठवडाभर डोकं दुखलं, हात थरथरले, एका शर्टाची कॉलर उलटी लावली. पण काटा हलला.

मग मे उजाडला आणि गणवेश आले. शाळांची मापं, कापडाचे तागे, रोज चौकशीला येणारे पालक. दोन आठवडे मला पाणंदीचं तोंड धड बघायला मिळालं नाही. एक दिवस जायचं, एक दिवस चुकायचं. मोटर मी परत बसवली. हे इथं लिहायला मला काही कमीपणा वाटत नाही, पायांनी तेवढं काम वेळेत झालंच नसतं. पण मग मी चालणं दिवसभरात वाटून टाकलं. शाळेतून मापांची यादी आणायला मोटारसायकल न घेता चालत गेलो. बटणं आणायला चालत. जेवायला घरी चालत. दर तासाला उठून बाजारपेठेच्या टोकापर्यंत जायचं आणि यायचं. लोक विचारायचे, टेलर, काय हरवलं का? मी म्हणायचो, हरवायचंय.

जुलैत सांगलीला गेलो. काट्यावर साडेएकोणऐंशी. डॉक्टरीणबाईंनी मला उतरवून पुन्हा चढायला लावलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "खरं सांगू? तुम्ही परत याल असं मला वाटलं नव्हतं."

कागदपत्रं झाली, कमिटीपुढं जबाब झाले. कुणाच्या दबावाखाली देताय का, असं तिथं विचारतात. मी म्हणालो, दबाव आहे, पण माझाच. ऑगस्टात एकाच दिवशी आमची दोघांची ऑपरेशनं झाली. मला शुद्ध आल्यावर बायकोनं पहिली गोष्ट सांगितली, ती म्हणजे किडनी चालू झाली. चौथ्या दिवशी मला धरून धरून बहिणीच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. आत जायची परवानगी नव्हती. काचेतून दिसत होतं. तिच्या हातात स्टीलचा भरलेला पेला होता. आता तिला पाणी प्यायचा आग्रह होत होता. तिनं मला बघितलं, पेला वर करून दाखवला आणि एका दमात संपवला. मग दुसरा भरून घेतला. मी दाराला टेकून उभा होतो आणि पोटावरच्या टाक्यांना हात लावून रडत होतो, कारण हसलं तरी दुखत होतं आणि रडलं तरी.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मला खरी अडचण त्याच्यानंतर आली.

दोन महिने विश्रांती. भेटायला येणारा प्रत्येकजण डबा आणायचा. कुणी पाया सूप, कुणी शिरा, कुणी खीर. "एवढं मोठं काम केलंस, आता खा," असं सगळेच म्हणायचे, आणि मलाही ते पटायला लागलं. कशासाठी चालायचं आता? जे करायचं होतं ते केलं. दिवाळीच्या शिलाईच्या कामात मी पुन्हा दिवसभर मशीनला चिकटलो. हवालदार दुकानात येऊन बसायचे, बघायचे आणि जायचे. ते बोलले असते तर मी चिडलो असतो, हे त्यांना माहीत असावं. हिवाळ्यातल्या तपासणीला वजन भरलं अठ्ठ्याऐंशी.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी रिपोर्ट माझ्यापुढं सरकवला. "बीपी बघा. तेव्हा तुमच्याकडं दोन होत्या. आता एकच आहे, आणि ती खराब झाली तर तुम्हाला द्यायला कोण आहे?"

मी विचार केला, आणि मला एकही नाव सुचेना.

दुसऱ्या दिवशी नमाजानंतर मी पाणंदीकडं वळलो. हवालदार नेहमीच्या जागी उभे होते. "या," एवढंच म्हणाले. पहिल्यांदा चाललो त्यापेक्षा हे अवघड होतं. तेव्हा कुणासाठी तरी चालत होतो, पुढं तारीख होती, ऐंशीचा आकडा होता. आता असं काही नव्हतं. नुसतं रोज चालायचं होतं, उद्या आणि परवा, पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या. दुसऱ्यासाठी मी सहा महिन्यांत चौदा-पंधरा किलो उतरवलं होतं. स्वतःसाठी पहिला एक किलो उतरवायला मला दीड महिना लागला. पण उतरला.

त्यातच एका सकाळी बहिणीचा फोन आला. आवाज पडलेला.

"काय झालं? तब्येत?"

"तब्येत बरी हाय. भाई, माझं वजन वाढलंय. गोळ्यांनी भूक लय लागतीय. दोन वर्षं काय खाल्लं नव्हतं, आता समोर आलं की हात थांबत न्हाई. डॉक्टर लय बोलली मला."

मी हसायला लागलो. ती चिडली. "हसतोस काय? तुला कसं जमलं ते सांग."

"बूट हायत का तुझ्याकडं?"

"चपला हायत."

"आधी बूट घे. आणि उद्या सकाळी सहाला फोन कर. घरात बसून न्हाई. रस्त्यावर येऊन कर."

तेव्हापासून आम्ही असं चालतो. ती दहिवडीच्या बाहेर माळावरच्या रस्त्यानं, मी आष्ट्याच्या उसातून. दोघांच्या कानात फोन. सुरुवातीला ती मिनिटा-मिनिटाला दम लागला म्हणायची. आता ती माझ्यापेक्षा भरभर चालते आणि वर माझ्या श्वासावरून ओळखते की मी हळू चाललोय. तिच्याकडं वाटेत मेंढरं आली की मला ती ऐकू येतात, माझ्याकडं ट्रॅक्टर गेला की तिला ऐकू येतो. हवालदार माझ्या पुढं दहा पावलं चालत असतात. आमची बोलणी कसलीही असतात. पोरांची शाळा, अम्मीचे गुडघे, तिच्या नवऱ्याची सुट्टी. माझं वजन सध्या ब्याऐंशी आहे, तिचं ती सांगत नाही.

आज सकाळी तिनं विचारलं, "भाई, अजून किती राहिलं?"

"पूल दिसतोय."

"मग बोलू नकोस. चाल."